सीतेचा अशोक आणि आमच्या अक्का

मागच्या वेळी आपण कडुनिंबावर बोललो होतो, आणि त्याखाली तुम्ही इतक्या आठवणी लिहिल्यात की मला वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. भोपाळहून, हैदराबादहून, बेळगावहून, एक तर थेट शिलाँगहून. त्यातच एका ताईंनी विचारलं होतं, "आमच्या सोसायटीत अशोकाची बारा झाडं आहेत, त्यांची साल बायकांच्या तक्रारींवर चालते का?" मी त्यांना तिथे एका ओळीत "नाही" असं लिहिलं आणि आज त्या एका शब्दाचं सगळं व्याख्यान करायला बसले आहे.

माझ्या हातात दोन पानं आहेत. कॅमेऱ्यात दिसत असतील. पण तुमच्यातले निम्मे लोक मला स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता ऐकतात हे मला ठाऊक आहे, म्हणून वर्णनही करते. हे पहिलं पान लांबट, अरुंद, चकचकीत, आणि कडेला नागमोडी. जणू कुणी फ्रीलच लावली आहे. हे तुमच्या सोसायटीतलं. सरळ उंच वाढणारं, फांद्या खाली सोडलेलं, कंपाउंडच्या भिंतीलगत रांगेनं लावतात ते. आणि हे दुसरं. हे एक पान नाही, ही एक डहाळी वाटते ना? पण वनस्पतिशास्त्राच्या भाषेत हे सगळं मिळून एकच पान आहे. एका देठावर पर्णिकांच्या जोड्या, चार-पाच जोड्या, कडा अगदी साध्या, लाटबिट काही नाही. हा खरा अशोक. सीतेचा अशोक, सीता अशोक म्हणतात तो.

या दोघांचं नातं किती? तर काहीच नाही. पहिला आहे सीताफळाच्या कुळातला. दुसरा शेंगांच्या कुळातला, चिंचेचा जवळचा नातेवाईक. माणसांत सांगायचं तर नुसतं आडनाव सारखं, गाव वेगळं, गोत्र वेगळं.

मी बडोद्याची. इकडे त्या पहिल्या झाडाला आसोपालव म्हणतात आणि दिवाळीला, लग्नाला त्याच्या पानांची झेंडूबरोबर तोरणं लावतात. फार छान दिसतात. बंगालमध्ये त्याच झाडाला देबदारू म्हणतात, आणि हिमालयातला देवदार म्हणजे पुन्हा तिसरंच, सूचिपर्णी झाड. म्हणजे बघा, एकाच झाडाला गुजरातेत एक नाव, कोलकात्यात एक नाव आणि आपल्याकडे सरळ "अशोक". गोंधळ आपणच घातलेला आहे, झाडाचा त्यात दोष नाही. आसोपालव चांगलं झाड आहे, सावली देतं, वटवाघळं त्याची फळं खातात. फक्त ते अशोक नाही.

खऱ्या अशोकाकडे वळू. तो मध्यम उंचीचा, सदाहरित, डेरेदार. त्याला पाणी आवडतं, सावली आवडते. पश्चिम घाटात ओढ्याच्या काठानं, कोकणातल्या काही देवरायांमध्ये, गोव्यात, कारवारकडे, खाली केरळात, आणि पूर्वेला मेघालयाच्या टेकड्यांत, श्रीलंकेत तो जंगलात आपोआप उगवतो. त्याची कोवळी पालवी पाहिली आहे का कुणी? तांबूस रंगाची, मऊ, लोंबती. ओला रुमाल वाळत घालावा तशी फांदीवरून लटकत असते. विद्यार्थी पहिल्यांदा बघतात तेव्हा हमखास म्हणतात, "मॅडम, झाड वाळतंय." वाळत नसतं. आठवड्याभरात तीच पानं ताठ होतात, हिरवी होतात.

आणि फुलं! साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. नुसती टोकाला नाही येत, जुन्या जाड फांद्यांवर, कधीकधी थेट खोडावरही गुच्छ फुटतात. उमलताना पिवळट नारिंगी, मग दिवसागणिक लाल. त्यामुळे एकाच गुच्छात तीन-चार छटा. गंमत अशी की या फुलाला पाकळ्याच नाहीत. आपण ज्याला पाकळ्या समजतो ती रंगीत निदलं आहेत, चार. आणि बाहेर मिशांसारखे लांब लाल पुंकेसर. संध्याकाळी वास येतो, हलका.

विल्यम रॉक्सबर्ग नावाचे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे होते. त्यांनी या झाडाच्या प्रजातीला नाव दिलं जोनेशिया. कलकत्त्यात १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे, 'शाकुंतला'चं इंग्रजी भाषांतर करणारे सर विल्यम जोन्स, त्यांच्या सन्मानार्थ. पुढे ते नाव गेलं, सराका आलं. बराच काळ याला सराका इंडिका म्हणायचे. मग १९६०च्या दशकात लक्षात आलं की सराका इंडिका हे नाव मुळात जावा बेटावरच्या वेगळ्या झाडाला दिलेलं आहे, आपला अशोक तो नव्हे. म्हणून आता सराका असोका. पण जुनं नाव लोकांच्या तोंडातून आणि छापलेल्या कागदांवरून अजून गेलेलं नाही. म्हणजे शास्त्रज्ञांनीही याच्या बाबतीत नावाची चूक केली, आपण एकटे नाही.

आता "सीतेचा" म्हणतो म्हणून एक बारीक गोष्ट. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान सीतेला शोधतो ती अशोकवनात खरी, पण ती बसलेली आहे ती शिंशपेखाली. शिंशपा म्हणजे शिसवीच्या जातीचं झाड असं मानतात. अशोकवनात, पण अशोकाखाली नाही. हे मी वर्गात सांगितलं की मुली थोड्या नाराज व्हायच्या. कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' सांगितलं की पुन्हा खूश. तिथे राजाच्या बागेतला अशोक फुलत नाही, तरुणीनं पैंजण घातलेल्या पावलानं लाथ मारली की तो फुलतो असा संकेत. राणी धारिणीचा पाय झोपाळ्यावरून पडून दुखावलेला, म्हणून ती मालविकेला पाठवते, आणि तिथेच राजा तिला बघतो. राणीनं स्वतःच्याच हातानं केलेली सोय!

हे सगळं मी अगदी उत्साहानं शिकवत असे. एकतीस वर्षं शिकवलं. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात एक जुना सीता अशोक होता, आणि "खरा अशोक ओळखा" हा माझा ठरलेला तास होता. साल कशी ओळखायची तेही दाखवायचे. बाहेरून करडी-हिरवट, त्यावर गोल पुटकुळ्यांसारखे ठिपके, आतून तांबडी, आणि ताजी कापली की हवा लागून लालसर होत जाते. जिभेला लावली की तुरट, जीभ ओढल्यासारखी होते. मला याचा अभिमान होता. आज जी गोष्ट सांगायची आहे ती त्या अभिमानाचीच आहे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. इंदूरला असतात. एका हिवाळ्यात त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, तुझ्या कॉलेजात ते अशोकाचं झाड आहे ना? त्याची थोडी साल पाठव मला. बाजारातली भेसळीची असते, तूच सांगतेस."

मी विचारलं, "काय होतंय अक्का?"

"काही नाही गं. बायकांचं. जरा जातं आहे अंगावरून."

बस. एवढंच संभाषण. माळ्याला सांगून मी एका छाटायच्या फांदीची साल काढवली. खोडाला हात लावू दिला नाही, याचाही मला अभिमान. सावलीत वाळवली, पिशवीत भरली, बरोबर एक कागद लिहिला. शार्ङ्गधरसंहितेत क्षीरपाकाचं जे प्रमाण दिलंय तेच. औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचं. इंदूरला जाणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी अक्कांचा फोन. "थांबलं गं. तुझ्या हाताला गुण आहे."

मी ते वर्गात सांगितलं. नाव न घेता, पण सांगितलं. खरी साल, खरा गुण, असं काहीतरी वाक्यही म्हटलं असेन.

अक्का तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या होत्या. त्यांची पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती. हे मला माहीत होतं. म्हणजे विचारावंसुद्धा लागलं नसतं, नुसतं आठवायचं होतं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, मग ते थेंबभर का असेना, तर त्याला "अंगावरून जाणं" म्हणत नाहीत. त्याला तपासणी लागते.

सात महिन्यांनी भाचीचा फोन आला. मामी, आईला खूप रक्तस्राव होतोय. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं दिसलं, तुकडा तपासायला पाठवला. अस्तराचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली. पण आजार अस्तरात न राहता गर्भाशयाच्या स्नायूत खोलवर गेलेला होता, म्हणून नंतर रेडिएशनही द्यावं लागलं. डॉक्टर भाचीला म्हणाले, पहिल्यांदा दिसलं तेव्हाच आला असतात तर कदाचित शस्त्रक्रियेवर भागलं असतं. कदाचित म्हणाले. मी त्या शब्दाला बरीच वर्षं धरून आहे.

अक्का वाचल्या. आज चौऱ्याहत्तरीच्या आहेत, आणि हे व्याख्यान करायला त्यांनीच परवानगी दिली. मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसले होते तेव्हा मला तोंड उघडवत नव्हतं. त्याच म्हणाल्या, "साल खरीच होती गं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील.

हो, साल खरी होती. शंभर टक्के सराका असोका. मी झाड ओळखलं, भेसळ टाळली, प्रमाण ग्रंथातलं घेतलं, आणि ज्या बाईला द्यायचं तिचं वय काय हे विचारात घेतलं नाही. अक्कांनी वैद्याला विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. आणि मी वनस्पतिशास्त्राची बाई. चांगल्या वैद्यानं नाडी बघण्याआधी पाळीची हकिकत विचारली असती आणि सोनोग्राफीला पाठवलं असतं. आज स्त्रीरोगाचे अनेक आयुर्वेदिक डॉक्टर तेच करतात.

"पण थांबलं होतं ना तीन आठवड्यांत?" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. त्या आजारात सुरुवातीला रक्त दिसतं, आपोआप थांबतं, महिना-दोन महिने काही नाही, पुन्हा दिसतं. सालीनं थांबलं की थांबायचंच होतं म्हणून थांबलं, हे एका बाईच्या अनुभवावरून कुणालाही सांगता येणार नाही. घरगुती औषधांच्या बाबतीत आपण सगळे इथेच फसतो. आणि थांबलं म्हणून अक्का निर्धास्त झाल्या. साल विषारी नव्हती, तिनं अपाय केला नाही, तिनं सात महिने घेतले.

मग ग्रंथांत काय लिहिलंय? हे मी त्यानंतर नीट वाचलं, आधी ऐकीव होतं. चरकसंहितेत अशोक आहे, पण तो वेदनास्थापन गणात. म्हणजे वेदना शांत करणाऱ्या दहा द्रव्यांत. सुश्रुतात तो लोध्रादि गणात येतो. रक्तप्रदरावर, म्हणजे अंगावरून जास्त रक्त जाण्यावर, अशोकाच्या सालीचं दूध हा उपाय स्पष्टपणे दिसतो तो नंतरच्या ग्रंथांत, अकराव्या शतकातल्या चक्रदत्तासारख्या. आणि आपण ज्याची बाटली दुकानातून आणतो ते अशोकारिष्ट त्याहूनही अलीकडचं, 'भैषज्यरत्नावली'तलं. म्हणजे "पाच हजार वर्षांपासून" वगैरे जे जाहिरातीत ऐकता ते सोडून द्या. परंपरा जुनी आहे, पण ती थांबत थांबत, बदलत आलेली आहे, आणि मला ती तशीच जास्त आवडते.

अशोकारिष्टाची कृती तर ऐकण्यासारखी आहे. आजच्या मापात ४.८ किलो साल, चौपट आटवून सुमारे १२ लिटर काढा. त्यात ९.६ किलो गूळ, पाऊण किलोच्या आसपास धायटीची फुलं, शिवाय सुंठ, जिरं, नागरमोथा, त्रिफळा, अडुळसा, चंदन, आंब्याची कोय असं प्रत्येकी थोडं थोडं. हे सगळं महिनाभर बंद भांड्यात. धायटीच्या फुलांमुळे आंबतं आणि आपोआप मद्यार्क तयार होतो, पाच ते दहा टक्के. यातून मधुमेह असलेल्यांनी आणि मद्य वर्ज्य असलेल्यांनी काय समजायचं ते समजा. आमच्या शेजारच्या आजी एकादशीलाही अशोकारिष्ट घेत, त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही.

सालीत असतं काय? मुख्यतः टॅनिन, आणि कॅटेचिनच्या गटातली द्रव्यं. चहात असतात त्यांचीच भावंडं. तुरटपणा त्यांचा. तुरट द्रव्य ऊतींना आकसवतं, स्राव कमी करतं, ही कल्पना जगभरच्या वैद्यकात आहे. दुधात उकळलं की दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात आणि काढा कमी तुरट लागतो, पोटाला सोसतो. चहात दूध घातलं की जे होतं तेच. जुन्या लोकांनी हे जिभेनं शोधलं असणार. प्रयोगशाळेत, उंदरांवर, गर्भाशयाच्या पेशींवर बरंच काम झालंय. पण मोठ्या संख्येनं स्त्रियांवर, काटेकोर तुलना करून झालेल्या चाचण्या फारच थोड्या. म्हणून मी "उपयोग होत नाही" म्हणत नाही आणि "होतोच" असंही म्हणत नाही. तरुण वयात, तपासण्या झाल्यावर, काही गंभीर नाही हे कळल्यावर, वैद्याच्या सल्ल्यानं कुणी घेत असेल तर तिला मी अडवणार नाही.

पण तपासण्या आधी. पाळीत जास्त रक्त जाण्यामागे गर्भाशयातल्या गाठी असू शकतात, थायरॉइड असू शकतं, तांबी बसवलेली असू शकते, रक्त पातळ करायची गोळी चालू असू शकते, रक्त न गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो. या सगळ्यांवर एकच साल कशी चालेल? आणि रक्त गेलं की लोह जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१च्या, आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी आहे ती "जरा जातंय" म्हणत महिनोन् महिने काढते. घरात कुणाला सांगत नाही. सांगितलंच तर माझ्यासारख्या कुणाला तरी सांगते. आणि पाळी गेल्यानंतर रक्त दिसणाऱ्या दर दहा स्त्रियांपैकी साधारण एकीला अस्तराचा कर्करोग निघतो. उरलेल्या नऊजणींना दुसरं काहीतरी किरकोळ असतं, हे खरं. पण त्या दहातली एक आपण नाही, हे घरी बसून कळत नाही.

आता झाडाकडे परत येते, कारण त्याचंही काही बरं चाललेलं नाही.

अक्कांच्या आजारपणानंतर दोन वर्षांनी मी विद्यार्थ्यांना घेऊन सिंधुदुर्गात गेले होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितल्यावर काय होतं ते माहीत आहे. ओढ्याकाठी अशोकाची जुनी झाडं. त्यातल्या तिघांची साल खालपासून छातीच्या उंचीपर्यंत सबंध गोल सोलून नेलेली. झाडाची साल म्हणजे नुसतं आवरण नसतं. पानांनी बनवलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. सगळीकडून गोल काढली की ती वाट तुटते. वर पानं काही महिने हिरवी राहतात, खाली मुळं उपाशी मरतात. आम्ही गेलो तेव्हा एकाला फुलं होती. वरून फुललेलं आणि खालून संपलेलं. मुलं गप्प झाली होती.

साल घ्यायचीच तर छाटलेल्या फांद्यांची घ्यावी, किंवा खोडाच्या एका बाजूची अरुंद उभी पट्टी काढून बाकी तशीच ठेवावी, जखम भरेपर्यंत पुन्हा हात लावू नये. हे माहीत असलेले लोक जंगलात अजून आहेत. पण किलोवर पैसे मिळत असतील आणि झाड कुणाच्याच मालकीचं नसेल, तर पट्टी काढून कोण थांबणार? एका मोठ्या बाटलीमागे ढोबळ हिशेबानं शंभर ग्रॅमच्या पुढे साल लागते. दुकानांच्या फळ्यांवर किती बाटल्या असतात ते डोळ्यांसमोर आणा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं, आययूसीएननं, हे झाड संकटग्रस्त होऊ शकणाऱ्यांच्या यादीत घातलंय ते उगाच नाही. तरी उत्तर प्रदेशचा हा राज्यवृक्ष, ओडिशाचं हे राज्यपुष्प. मानपान भरपूर.

मग झाड इतकं कमी आणि बाटल्या इतक्या, हे जमतं कसं? २०१६ साली काही संशोधकांनी बाजारातून अशोकाच्या नावानं विकली जाणारी साल गोळा करून तिची डीएनएनं ओळख पटवली. सुमारे ऐंशी टक्के नमुने अशोकाचे नव्हतेच. वेगवेगळ्या कुळांतल्या भलत्याच झाडांचे होते. आसोपालवाची साल तर या धंद्यात जुनीच आहे, शाल वृक्षाचीही खपते. म्हणजे त्या सोसायटीतल्या ताईंनी जो प्रश्न विचारला, तो बाजारानं न विचारताच सोडवून टाकलेला आहे.

आणि यात अजून एक चक्र आहे. खोटी साल पिऊन गुण आला नाही तर आपण म्हणतो औषध खोटं. गुण आला तर म्हणतो अशोक गुणकारी. दोन्ही वेळा पोटात अशोक गेलेलाच नसतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब आहे. त्या वहिनी चैत्रात, अशोक षष्ठीला, अशोकाच्या सहा कळ्या केळ्यात घालून न चावता गिळतात, मुलांच्या सुखासाठी. आपल्या पंचांगात दोनच दिवसांनी, चैत्र शुद्ध अष्टमीला, अशोकाष्टमी असते, तिला आठ कळ्या पाण्याबरोबर घेण्याची प्रथा आहे. शोक दूर होतो अशी समजूत. भुवनेश्वरला त्या दिवशी लिंगराजाचा रथ निघतो, त्रिपुरात उनाकोटीला जत्रा भरते. सहा कळ्यांनी आणि आठ कळ्यांनी झाडाचं काही बिघडत नाही, हा उपयोग मला फार आवडतो. वहिनींना कळ्या मीच आणून देते. देताना पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं, "पाळी नियमित आहे ना?" त्या गोंधळल्या. व्रताच्या कळ्यांना हा काय प्रश्न! पण आता ते माझ्या तोंडून आपोआप निघतं. कुणी ओवा मागितला तरी मी वय विचारते, असं आमचे हे म्हणतात.

ज्यांना झाड लावायचंय त्यांच्यासाठी थोडं. शेंगा चपट्या, चामड्यासारख्या, आधी लालसर जांभळ्या असतात. पावसाळ्याच्या तोंडाला पिकून तडकतात. बी ठेवून चालत नाही. डाळीसारखं डब्यात भरून "पुढच्या वर्षी लावू" म्हटलंत तर ती उगवणार नाही, तिचा जीव फार थोडे दिवस टिकतो. पडलेली बी त्याच आठवड्यात मातीत घाला. पहिली दोन वर्षं सावलीत ठेवा, कडक ऊन आणि कोरडा वारा सोसत नाही. इथे बडोद्यात मे महिन्यात मी रोपांवर जुनी साडी बांधते. अंगणात, शाळेत, देवळाच्या मागे पाणी मुरतं तिथे लावा. फ्लॅटच्या गॅलरीत आयुष्यभर राहणार नाही, पण रोप मोठं करून कुणाला तरी देता येतं. रोपवाटिकेत "अशोक द्या" म्हणू नका, नागमोडी पान हातात देतील. पर्णिकांच्या जोड्या मोजून घ्या.

त्या कॉलेजच्या झाडाच्या बिया मी दर वर्षी गोळा करते. निवृत्त झाले तरी पहारेकरी आत सोडतो. त्यातलं एक रोप अक्कांनी मागून नेलं, इंदूरला त्यांच्या अंगणात विहिरीजवळ लावलंय. गेल्या फाल्गुनात त्याला पहिल्यांदा फुलं आली. त्यांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, साल कुणाला द्यायची नाही, असं सुनेला सांगून ठेवलंय.

ओळख पटवण्यासाठी तुमच्या झाडाच्या पानांचे फोटो पाठवा, मी बघेन. तक्रारींचे प्रश्न मात्र मला पाठवू नका, ते डॉक्टरांकडे न्या. पुढच्या वेळी बकुळ.